लेन्स, नात आणि मिरच्या

दिवाळीच्या सुट्टीत लेकीने माझ्यापुढे खटला आणला. "आई, तूच सांग हिला. चष्मा नको, लेन्स हव्यात म्हणते." ही म्हणजे माझी नात. आठवीत आहे, खो-खो खेळते, नंबर उणे साडेतीन. सांगायला मी अगदी तयारच होते! तेराव्या वर्षी डोळ्यांत बोटं कसली घालायची? आमच्या वेळी... वगैरे सगळं ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली आणि मी गप्प बसले.

१९८४ साल. सहावीचा वर्ग. मुलगी उंच, म्हणून मीच तिला शेवटच्या बाकावर बसवलेली. फळ्याकडे बघायची नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवायची. मी तिला दोनदा सगळ्यांसमोर उभं केलं, "बघून लिहितेस?" म्हणून. पुढे एकदा तिची कंपासपेटी खाली पडली आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा बाहेर आला. वर्ग तिला 'ढापणी' म्हणत होता. सगळ्यांना ठाऊक होतं, एक बाई सोडून. पेटीतल्या चष्म्याने तिला फळा कसा दिसणार होता?

तर मी लेकीला म्हटलं, आपण दोघी भांडण्यापेक्षा डॉक्टरांना विचारू. मीही सोबत गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाची अशी ठरलेली रेघ नाही. अमेरिकेत तर २०१९ साली एफडीएने एका लेन्सला मान्यता दिली, ती ८ ते १२ वर्षांच्या मुलांना सुरू करायची. तिने नंबर वाढण्याचा वेग कमी होतो. मी चाटच पडले. (घरी येऊन वाचलं ते आणखी मजेशीर. चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात पहिल्या मऊ लेन्स घरातच केल्या, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांच्या यंत्रावर! असो.)

आता माझं मत. वय विचारू नका, हात बघा. साबणाने धुऊन, कोरडे पुसून मगच लेन्सला हात लावणारं मूल असेल तर खुशाल द्या. न सांगता दात घासत नसेल तर थांबा. आपल्याकडे 'नळाचं पाणी स्वच्छच आहे की' म्हणून लेन्स त्यात विसळतात, कुणी थुंकी लावतं. नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो बुबुळाला लागला तर वेदना भयंकर, उपचार महिनोन् महिने, आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणून लेन्स घालून अंघोळ नाही, पोहणं नाही, झोपणं तर नाहीच. मुलांना रोज नवी घालून रात्री फेकून द्यायची तीच बरी. खर्च आहे, पण डबी धुवायची भानगड नाही. आणि डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं, तर लेन्स काढून सरळ डॉक्टर. घरातली जुनी ड्रॉप्सची बाटली शोधू नये.

स्नेहसंमेलनासाठी बाजारातून रंगीत लेन्स आणून मैत्रिणींनी आलटून पालटून घालायच्या, याला मात्र माझा साफ विरोध आहे. त्यात दिसण्याचा प्रश्नच नाही, नुसती नक्कल आहे. पण चिडवण्याला कंटाळलेल्या किंवा मैदानावर चष्मा सावरत धावणाऱ्या पोरीला 'नखरे' म्हणू नये. मी म्हटलं असतं, थोडक्यात वाचले.

नातीला पहिली लेन्स घालायला पाऊण तास लागला. आता दोन मिनिटांत होतं. चष्माही आहेच, रात्री आणि सर्दी-तापात तोच.

परवा ठेच्यासाठी मिरच्यांची देठं काढ म्हटलं तर म्हणाली, "आजी, मला अजून लेन्स काढायच्यात." कामचुकारपणा की शहाणपण, ते काही मला कळलं नाही. मिरच्या मीच निवडल्या.