चपटे खडे आणि बाईंची चूक

मुलांनो, आज आधी एक कबुली देते. मगच गोष्ट.

चार-पाच वर्षं झाली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि त्यानं मूठ उघडली. तळहातावर पाच-सहा चपटे, गोल, पांढुरके खडे. रुपयाच्या नाण्याएवढे. मध्ये जरा फुगीर, कडेला पातळ. "बाई, ही जुनी नाणी आहेत ना?" मामाबरोबर तो कच्छला गेला होता, तिथं जमिनीवरून वेचून आणली होती. माझ्यापुढं वह्यांचा ढीग! मी एक खडा उलटापालटा केला आणि म्हटलं, "नाणी कुठली रे? नदीतले गोटे हे. जा, टाकून ये आणि हात धू."

तो गेला, टाकून आला, हातही धुऊन आला. गुणी पोर.

पुढं दोन वर्षांनी एका पुस्तकात तसाच चपटा, गोल खडा छापलेला दिसला आणि माझ्या काळजात चर्र झालं. खाली नाव होतं न्युम्युलाइट. समुद्रात राहणाऱ्या एका जिवाचं हे कवच. जीव केवढा? एका पेशीचा! एवढ्याशा जिवानं स्वतःभोवती चुन्याचं घर बांधलं, वाढेल तसा एकेक खोली जोडत गेला आणि ते घर नाण्याएवढं झालं. असे जीव इओसीन नावाच्या कालखंडात, म्हणजे साधारण ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, उथळ, उबदार समुद्रात अगणित होते. आज कच्छच्या पश्चिमेला लखपतच्या बाजूला रखरखीत माळ आहे ना, तिथं तेव्हा समुद्र होता. आणि गंमत ऐका. न्युम्युलाइट हे नाव आलं लॅटिन भाषेतून. मूळ शब्दाचा अर्थ 'छोटं नाणं'!

इजिप्तच्या पिरॅमिडांचे दगडही अशाच कवचांनी भरलेले आहेत. सुमारे २००० वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचा ग्रीक लेखक तिथं गेला होता. पिरॅमिडांपुढं पडलेल्या कपच्यांत त्याला मसुरीच्या दाण्यांसारखं काहीतरी दिसलं. तिथले लोक म्हणायचे, मजुरांचं उरलेलं जेवण दगड होऊन पडलंय. त्यानं ते लिहून ठेवलं. म्हणजे चुकणारी मी एकटीच नव्हे, एवढंच समाधान.

तर हे ओळखायचं कसं? नदीचे गोटे एकसारखे नसतात. एक लांबट, एक वाकडा, एक जाड. न्युम्युलाइट दहा उचला, दहांचा घाट तोच. आणि एखादा आधीच फुटलेला मिळाला, तर भिंगाखाली धरा. आत चकली दिसते! वेढ्यावर वेढे, आणि प्रत्येक वेढ्यात बारीक पडद्यांच्या खोल्या. निसर्गात गोल दगड पुष्कळ होतात, पण अशी खोल्यांची चकली पाण्यानं घासून होत नाही. मी तेव्हा एक खडा नीट बघितला असता तरी पुरे होतं.

याच इओसीन काळातली दुसरी वस्तू म्हणजे अंबर. आपल्याकडं त्याला तृणमणी असंही म्हणतात. लोकरीवर घासला की तो गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. हा मणी खाणीत निघतो, पण दगड नव्हे. झाडाच्या खोडातून पाझरलेला चीक कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून घट्ट झाला, तो अंबर. चीक ओला असताना एखादी मुंगी किंवा माशी त्यात चिकटली, की ती आतच राहिली. पंखाच्या शिरा मोजाव्यात इतकी स्वच्छ.

अंबर म्हटलं की तुम्हाला 'जुरासिक पार्क' आठवतो, ठाऊक आहे मला. अंबरातल्या डासापासून डायनासोर! तसं होत नाही बरं का. डीएनए इतकी वर्षं टिकतच नाही.

पण खरी गोष्ट काही कमी नाही, आणि ती आपल्या शेजारची आहे. सुरत जिल्ह्यात वस्तान इथं लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, खाण आहे. त्या कोळशाच्या थरांत ५ कोटी वर्षांहून जुने अंबराचे खडे सापडले. भारत, जर्मनी आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते तपासून २०१० साली निष्कर्ष छापले. सातशेहून अधिक किडे-कोळी! चीक होता साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांचा. आपण राळ जाळतो ना, तिच्याच नात्यातला. त्या काळी भारताचा भूभाग समुद्रातून सरकत आशियाकडं येत होता. इतकी वर्षं एकटा राहिला, तर इथले किडे जगावेगळे असणार, असा अंदाज होता. निघालं उलटंच. इथल्या कित्येक किड्यांचे नातेवाईक दूरदूरच्या खंडांत सापडले. म्हणजे येणंजाणं आधीच सुरू झालं होतं.

घरात कुणाच्या माळेत पिवळा मणी असेल तर आईला विचारून एक प्रयोग करा. पेलाभर पाण्यात मीठ विरघळवत राहा, विरघळायचं थांबेपर्यंत. मणी त्यात सोडा. अंबर तरंगतं. काच बुडते, पुष्कळसं प्लॅस्टिकही बुडतं. पण काही प्लॅस्टिक तरंगतं, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. हाताला अंबर काचेसारखं गार लागत नाही. लोकरीवर घासून कागदाचे कपटे ओढतं का बघा, अर्थात प्लॅस्टिकही हे करतं. नेलपॉलिश काढायचं द्रव मात्र लावू नका. वस्तानचं अंबर तर अशा द्रवांत विरघळतं. शास्त्रज्ञांनी याचाच फायदा घेऊन आतले किडे अख्खे बाहेर काढले, पण ते शास्त्रज्ञ आहेत.

आता तुम्ही विचाराल, बाई, आमच्या डोंगरात मिळेल का? आपला काळा पाषाण लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात इओसीनचं काही शोधू नका. दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर तीही बहुधा पान नसते. ते मँगनीजचे डाग असतात.

काही सापडलंच, तर काड्यापेटीत कापसावर ठेवा आणि सोबत चिठ्ठी. गाव, नेमकी जागा, तारीख, जमिनीवर पडलं होतं की दगडात रुतलेलं. नाव कळलं नाही तर जागा मोकळी सोडा. खाणीत आणि कड्याखाली मात्र जायचं नाही.

नाव चुकलं तरी चालतं. कच्छमधल्या पानंध्रोच्या खाणीत मिळालेले काही मणके आधी मगरीसारख्या प्राण्याचे समजून ठेवून दिले होते. बऱ्याच वर्षांनी पुन्हा काढून पाहिले, तर ते निघाले एका प्रचंड सापाचे! २७ मणके, सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे. सापाची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा अंदाज. २०२४ साली त्याचं नाव ठेवलं 'वासुकी इंडिकस'. मणके जपून ठेवले होते, म्हणून चूक सुधारता आली.

आमचे खडे? तो मुलगा आता हायस्कुलात जातो. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा त्याला सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणाले. तो मला शाळेच्या नळामागं घेऊन गेला. "इथं टाकले होते, बाई." तिथं आता फरशी घातली आहे. आम्ही दोघं थोडा वेळ कडेची माती उकरत बसलो. काही मिळालं नाही.

हात झटकत तो म्हणाला, "पण बाई, मी तेव्हाच म्हणत होतो ना, नाणी आहेत म्हणून."