हृदयाच्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाची राखण

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील एखाद्या व्यापारी कुटुंबात हृदयाच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, की नारायणगाव किंवा मंचरहून पुण्याची वाट धरली जाते. त्या वेळी घरच्यांची सारी चिंता हृदयाशी एकवटलेली असते. किती रक्तवाहिन्या बंद आहेत, खर्च किती येईल, दुकानात केव्हा बसता येईल, हे सारे विचारले जाते. मूत्रपिंडाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक, या शस्त्रक्रियेत ज्या अवयवांना डोळ्यांत तेल घालून जपावे लागते, त्यांत मूत्रपिंडाचे स्थान फार वरचे आहे.

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाही. तरी हृदयाने पाठविलेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. त्यातील बहुतांश रक्त मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात खेळते. आतल्या गाभ्याला थोडेच मिळते आणि काम मात्र मोठे असते. म्हणून निरोगी माणसातही हा गाभा प्राणवायूच्या टंचाईतच दिवस काढतो.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून हृदय थांबवून त्याचे काम काही काळ यंत्राकडे सोपविणे शक्य झाले. बायपासच्या काही शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावरही होतात; परंतु यंत्र वापरले जाते तेव्हा त्यातील द्रवामुळे रक्त पातळ होते आणि हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरते. त्यात रक्तदाबही खाली आला, तर आधीच टंचाईत असलेल्या गाभ्याला त्याची झळ लवकर लागते. ही इजा दुखत नाही आणि बाहेरून दिसतही नाही.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे अपुरे पडते. ते नाडीच्या ठोक्यावर चालते, आणि यंत्राचा रक्तप्रवाह बहुधा संथ, ठोक्याविना असतो. म्हणून भूलतज्ज्ञ व यंत्र चालविणारे तंत्रज्ञ धमनीतील रक्ताचे नमुने वरचेवर तपासतात. शरीरभर फिरून परतलेल्या रक्तात किती प्राणवायू उरला, हेही पाहतात. तो फार कमी उरला असेल, तर पुरवठा गरजेला पुरत नाही असे समजते. कपाळावर पट्टी लावून मेंदूतील प्राणवायूचा अंदाजही घेता येतो.

मूत्रपिंडाची स्थिती कळण्याचा परिचित मार्ग म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन. पण ते वाढलेले दिसेपर्यंत एक-दोन दिवस निघून जातात. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे, तर क्रिएटिनिन हा उशिरा हाती येणारा ताळेबंद होय. तासागणिक मोजली जाणारी लघवी हा रोजमेळ. साठ किलो वजनाच्या रुग्णाला तासाला निदान तीस मिलिलिटर लघवी व्हावी, अशी अपेक्षा असते. सलग सहा तास ती याहून कमी झाली, तर मूत्रपिंडाला इजा झाल्याची ती खूण मानली जाते. लघवीच्या नळीत सूक्ष्म संवेदक बसवून लघवीतील प्राणवायू मोजण्याचे संशोधनही परदेशांत सुरू आहे. त्यातून गाभ्याची अवस्था तेथल्या तेथे समजावी, हा त्यामागील हेतू आहे.

तथापि राखणीचा पहिला पहारा घरच्यांचा असतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखीसाठी नेमाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, भस्मे व काढे, हे सर्व डॉक्टरांना आधीच सांगावे. अँजिओग्राफीत वापरलेल्या औषधाचाही मूत्रपिंडावर भार पडतो. म्हणून त्यानंतर क्रिएटिनिन पुन्हा तपासले आहे ना, हे विचारावे. शस्त्रक्रियेनंतर प्रेमापोटी परस्पर नारळपाणी पाजू नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड मंदावले असेल तर ते रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडू शकते. पाणी किती द्यायचे, हेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापानेच द्यावे.

जैन घरांत आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे असते. नुकतीच झालेली अठाई, चालू असलेले वर्षीतप, निर्जळ उपवास किंवा रोजचा चौविहार यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. शरीरातील पाणी आधीच उणे असेल, तर मूत्रपिंड शस्त्रक्रियेला दुबळ्या स्थितीत सामोरे जाते. कित्येक ज्येष्ठ मंडळी नेम मोडेल या धास्तीने रात्रीची गोळी टाळतात आणि घरचेही संकोचाने गप्प राहतात. परंतु पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत. त्यांतील सर्वसमाधीचा आगार हा तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी, यासाठी औषधोपचाराची मोकळीक देतो. व्रताची रचना करणाऱ्यांनी आजारी माणसाचा विचार आधीच करून ठेवला आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच महाराजसाहेबांना परिस्थिती सांगून मार्गदर्शन घेतले, तर रुग्णाच्या मनावरील ओझे उतरते आणि रुग्णालयात औषधपाणीही निःशंकपणे होते.

पुण्याला निघताना पिशवीत जुन्या तपासण्यांचे कागद असतातच. त्यांत एक कागद वाढवावा: चालू गोळ्या, झालेले तप आणि घेतलेले नेम यांची यादी. ती रुग्णाने स्वतः सांगून लिहवावी व भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावी.