आधीं विचारा, मग कुदळ मारा

आमच्या गांवच्या ओढ्याकांठीं चार वीरगळ उभे होते. खालच्या चौकटींत लढतांना पडलेला वीर, मधल्या चौकटींत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि अगदीं माथ्यावर चंद्रसूर्य. दर साल चौथीचीं मुलें घेऊन मी तेथें जात असें. पुस्तकांतल्या इतिहासांत आमचें गांव कोठें नाहीं. ह्या धोंड्यांत तें होतें. शेजारींच गांवकुसाबाहेरच्या माणसांच्या जुन्या समाध्या होत्या. अमावास्येला कोणी ना कोणी तेथें दिवा लावून जाई.

मग रस्ता रुंद करण्याचें काम निघालें. एके दिवशीं शाळेस जातांना पाहतों, तों खोदाईचें यंत्र ओढ्यावर उभें. दुसऱ्या दिवशीं वीरगळ मोरीच्या भरावांत गेले आणि समाध्यांवर खडी पडली. आम्ही पांचसात जण साहेबांना भेटलों. साहेब भला माणूस, रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "मास्तर, हें आधीं कां सांगितलें नाहीं? नोटीस तर लावली होती." नोटीस लागली होती खरी, तालुक्याच्या कचेरींतल्या फळ्यावर, कायद्याच्या भाषेंत. दिवा लावणाऱ्या म्हातारीनें ती सात कोस चालत जाऊन वाचावयाची होती!

वाचकहो, साहेबांच्या त्या प्रश्नानें मला बरेच दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. ज्याचें जाणार त्यानें धांवत येऊन सांगावें, आणि जो पाडणार त्यानें विचारण्याचें कारण नाहीं, असा हा उलटा न्याय आहे. तो उलटा आहे हें ज्या सरकारला सगळ्या जगासमोर शिकावें लागलें, त्या अमेरिकेच्या सरकारची हकीकत आज सांगावयाची आहे. गुलामगिरी मोडल्याबद्दल ज्या देशाच्या लोकांस जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें, त्याच देशांतली आणि तेथल्याच गुलामांच्या हाडांची ही हकीकत आहे.

अमेरिकेंत १९६६ सालीं ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा कायदा झाला. त्याआधीं तेथेंही रस्ते आणि इमारती ह्यांच्या पायीं जुन्या वास्तु बेधडक जमीनदोस्त होत. न्यूयॉर्कचें पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ मध्यें पाडावयास घेतलें तेव्हां पुष्कळांचे डोळे उघडले. ह्या कायद्याचें १०६ वें कलम फार महत्त्वाचें. काम मध्यवर्ती सरकारचें असो, पैसा सरकारचा असो, कीं नुसता परवाना सरकारचा असो. त्या कामानें ऐतिहासिक जागेवर काय परिणाम होईल ह्याचा विचार मंजुरीपूर्वीं झाला पाहिजे, असें तें सांगतें. आणि आजच्या नियमांप्रमाणें हा विचार साहेबानें एकट्यानें खोलींत बसून करावयाचा नाहीं. राज्याचा जतन-अधिकारी, स्थानिक नगरपालिका, मूळच्या इंडियन जमाती, आणि त्या जागेशीं ज्यांचा संबंध आहे असे लोक, ह्यांच्याशीं सल्लामसलत करावयाची. नुकसान टाळतां येतें काय तें पाहावें. टळत नसेल तर कमी करावें. तेंही होत नसेल तर भरपाई काय तें ठरवून करार लिहावा. हें कलम 'बांधूं नका' म्हणत नाहीं. 'विचार करून, विचारून बांधा' म्हणतें.

कागदावर असा कायदा होऊन पंचवीस वर्षें झालीं, आणि मग काय घडलें तें पाहा.

न्यूयॉर्क म्हटलें कीं आपल्याला आभाळाला भिडलेल्या इमारती दिसतात. पण तेथें डच लोकांनीं १६२६ च्या सुमारास पहिले आफ्रिकी गुलाम आणले, आणि त्या राज्यांतली गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८२७ सालीं. दोनशें वर्षें त्या शहरानें गुलामांच्या घामावर आपलें अंग धरलें. पण मेल्यावर त्यांना जागा नव्हती. १६९७ सालीं तेथील ट्रिनिटी चर्चनें आपल्या आवारांत काळ्या माणसास पुरण्याची बंदी केली. मग वेशीबाहेरची ओसाड जमीन त्यांच्या वांट्याला आली. तेथेंही सुखानें मूठमाती देतां येत नसे. रात्रीं पुरावयाचें नाहीं, बारांपेक्षां जास्त माणसें जमवावयाचीं नाहींत, असे शहराचे हुकूम होते. वेशीबाहेरचा मसणवटा म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. १७९४ सालीं ती जागा बंद झाली. सखल जमिनीवर भराव पडला, प्लॉट पडले, दुकानें झालीं. खालीं सुमारें पंधरा हजार माणसें निजलेलीं असावींत असा जाणकारांचा अंदाज आहे.

१९९१ सालीं मध्यवर्ती सरकारच्या इमारत-खात्यानें ह्याच जागेवर चौतीस मजल्यांची कचेरी उठविण्यासाठीं खोदाई सुरू केली. आतां लक्ष द्या. ही जागा कोणाला ठाऊक नव्हती असें नाहीं. अठराव्या शतकांतल्या नकाशावर 'नीग्रो लोकांची दफनभूमि' असें तिचें नांव आहे. खात्याच्या तज्ज्ञांनीं तें नांव वाचलें, अहवालांत लिहिलें, आणि वर मल्लिनाथी केली कीं एकोणिसाव्या शतकांतल्या इमारतींच्या तळघरांनीं बहुतेक कबरी केव्हांच नष्ट झाल्या असतील. कलमाप्रमाणें करारही झाला. त्यावर सह्या झाल्या त्या सरकारी खात्यांच्या आणि मंडळांच्या. ज्यांचे पूर्वज खालीं होते त्यांची सही तर राहोच, त्यांना बोलावणेंही गेलें नाहीं. नकाशा विचारला, माणूस विचारला नाहीं!

कुदळ लागली आणि हाडें निघूं लागलीं. भराव इतका जाड होता कीं तळघरें त्या कबरींपर्यंत पोंचलींच नव्हतीं. एक नव्हे, दोन नव्हे, अखेर ४१९ जणांचे अवशेष वर निघाले. बांधकामाची घाई होती, म्हणून खोदणाऱ्यांच्या मागें तगादा होता. फेब्रुवारी १९९२ मध्यें कांहीं कबरी यंत्राखालीं चिरडल्या. कामावरचा नकाशा जुना होता, असा खुलासा मिळाला. तेव्हां मात्र आफ्रिकी वंशाचे न्यूयॉर्ककर पेटून उठले. त्यांनीं सभा घेतल्या, जागेवर प्रार्थना केल्या, जागता पहारा दिला. शहराच्या महापौराच्या गादीवर बसलेले पहिले काळे गृहस्थ डेव्हिड डिंकिन्स त्यांच्या बाजूस उभे राहिले. जुलै १९९२ मध्यें काँग्रेसच्या पोटसमितीचे अध्यक्ष गस सॅव्हेज ह्यांनीं खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून तंबी दिली कीं हेंच चालणार असेल तर पुढल्या कामांची मंजुरी मागावयास आमच्याकडे येऊं नका. मग खोदाई थांबली. कबरींवर जो चार मजली भाग यावयाचा होता तो रद्द झाला, आणि ऑक्टोबरांत तेथील स्मारकासाठीं तीस लाख डॉलरपर्यंत रकमेची तरतूद झाली.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हाडें वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाकडे गेलीं. हें विद्यापीठ काळ्या लोकांच्या शिक्षणासाठीं निघालेलें. तेथें मायकेल ब्लेकी ह्या मानववंशशास्त्रज्ञानें हाडांस हात लावण्याच्या रीतींतच फरक केला. नुसतें कवटी मोजून वंश ठरविणें त्यांना मंजूर नव्हतें. वंशजांशीं बोलून, त्यांना काय जाणून घ्यावयाचें आहे तें विचारून, त्यांनीं संशोधनाचे प्रश्न ठरविले. ते प्रश्न असे: हीं माणसें आफ्रिकेंतल्या कोणत्या मुलखांतलीं? गुलामीचें जिणें त्यांच्या शरीरांनीं कसें सोसलें? आफ्रिकी माणूस अमेरिकेचा होतांना काय काय बदललें? आणि त्यांनीं गुलामीला विरोध कसा केला? शेवटचा प्रश्न साहेबाला सुचला नसता. तो नातवंडांनाच सुचतो!

हाडांनीं उत्तरें दिलीं. ओझीं वाहून स्नायु हाडांपासून तुटल्याच्या खुणा निघाल्या. मेलेल्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी निघाली. एका बाईच्या कमरेला मण्यांची माळ होती. गुलाम म्हणून पुरलेली ती बाई आपल्या मुलखाची रीत अंगावर घेऊन गेली होती. ऑक्टोबर २००३ मध्यें घानांत कोरलेल्या पेट्यांतून हे सर्व जण वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया ह्या वाटेनें मिरवत न्यूयॉर्कास परत आले आणि आपल्या जागीं पुन्हां पुरले गेले. २००६ सालीं ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. चौतीस मजली कचेरीही शेजारीं उभीच आहे. म्हणजे विचारल्यानें इमारत अडली नाहीं. न विचारल्यानें मात्र अडली, आणि बारा वर्षांनीं प्रकरण मिटलें.

कोणी म्हणेल, मास्तर, असें प्रत्येकाला विचारीत बसलें तर रस्ता व्हावयाचा कधीं? आमच्या गांवाला रस्ता नको काय? हवा आहे. पावसाळ्यांत बाळंतिणीला बाजेवर घालून नेलेली मीं पाहिली आहे. रस्त्याला नांवें ठेवणारा मी नव्हें. पण आमचे चार धोंडे काढून शाळेच्या अंगणांत उभे करावयास एक बैलगाडी आणि एक दिवस पुरला असता. हा एक दिवस कोणी वांचविला, आणि कोणासाठीं?

दुसरा आक्षेप असा कीं, जुनें जतन करावयास सरकारनें कायदे केलेच आहेत. केले आहेत. मध्यवर्ती सरकारचा १९५८ चा कायदा आहे, त्यांतील २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें संरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटर बांधकामास बंदी आणि त्यापुढें दोनशें मीटर परवानगीची अट आहे. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. पण ह्या कायद्यांच्या यादींत ज्याचें नांव चढलें त्यालाच हें कवच. किल्ला चढला, लेणें चढलें, मोठें देऊळ चढलें. ओढ्याकांठचा वीरगळ, धनगराची समाधि, गांवकुसाबाहेरचा मसणवटा ह्यांतलें बहुतेक यादींत नाहीं. जमीन संपादनाच्या २०१३ च्या कायद्यांत सुनावणी आहे. पण जागा सरकारच्याच नांवावर असली तर संपादनच होत नाहीं, मग सुनावणी कोठली? राजाची आठवण सरकार जपतें. कुळवाड्याची आणि अलुत्याबलुत्याची आठवण जपावयाची तर ती ज्याच्या पोटांत आहे त्यालाच विचारावें लागतें, कारण ती दुसऱ्या कोठें लिहिलेलीच नाहीं.

आणि विचारावयाचें म्हणजे कोणाला, हेंही नीट पाहिलें पाहिजे. सरपंचाची सही घेतली, चार प्रतिष्ठितांना चहा पाजला, कीं गांवाला विचारलें असें कचेरींत धरतात. आमच्या ओढ्यावर ज्यांचे पूर्वज निजले होते त्यांच्यापैकीं त्या चहाला कोणी नव्हतें. न्यूयॉर्कांतही सह्या कमी नव्हत्या. ज्यांच्या हव्या होत्या त्यांच्याच नव्हत्या.

अमेरिकेच्या कलमांतही खोट आहे, तीही झांकूं नये. तें कलम सल्ला घ्यावयास लावतें, संमति घ्यावयास लावीत नाहीं. जें खातें बांधणार तेंच खातें विचारणार. त्यामुळें ऐकून घेऊन मनाचें करण्याची वाट मोकळी राहते. न्यूयॉर्कांत खातें वांकलें तें कलमाच्या एकट्याच्या जोरावर नव्हे. रस्त्यावरची माणसें आणि काँग्रेसच्या हातांतली थैली ह्यांनीं तें वांकविलें. पण कलम होतें म्हणून लोकांना बोट ठेवावयास जागा तरी होती. आमच्यापाशीं बोट ठेवावयास काय आहे?

म्हणून मागणें एवढेंच आहे. नकाशा पक्का होण्याआधीं विचारा; पक्का झाल्यावर विचारणें म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची पसंती घेणें. नोटीस फळ्यावर न लावतां गांवांत येऊन, वस्तीवस्तीवर, सांजवेळीं माणसें घरीं असतांना वाचून दाखवा. ज्यांचे पूर्वज त्या जागेंत आहेत त्यांना आधीं बोलवा, मग पुढाऱ्यांना. ते काय म्हणाले तें लिहून ठेवा, आणि त्यांचें म्हणणें मान्य नसेल तर कारण लेखी द्या. खोदतांना कांहीं निघालें तर यंत्र थांबवा.

सरकार हें करील तेव्हां करील. तोंवर आपण हात जोडून बसूं नये. माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, ह्या दिवाळीच्या सुट्टीआधीं मुलांना एक काम द्या. आपल्या शिवारांतले वीरगळ, सतीचे दगड, समाध्या, जुन्या विहिरी, मसणवटे ह्यांची यादी करावयास सांगा. कोणाचें काय, कोण दिवा लावतो, म्हातारीं माणसें काय सांगतात, तें लिहून घ्या. ती यादी ग्रामसभेंत वाचा, ठरावाच्या वहींत चढवा आणि नक्कल कचेरींत देऊन पोंच घ्या. म्हणजे पुढल्या वेळीं साहेबांनीं "आधीं कां सांगितलें नाहीं?" म्हटलें, तर पोंच पुढें करतां येईल, आणि मग "साहेब, तुम्हीं आधीं कां विचारलें नाहीं?" हें विचारण्याचा अधिकार आपल्याकडे येईल.

— एक खेड्यांतला मास्तर