माळ्यावरचा सोऱ्या आणि पायथॉन

या सदराला येणाऱ्या पत्रांत अलीकडे आई-वडिलांची पत्रे बरीच असतात. शहापूरच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे, "मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाला, मी आता मॉड्यूल रनटाइमला लोड करतो. मी विचारले तर म्हणतो, आई, तुला नाही कळायचं. तुम्हीच सांगा."

ताई, तुम्हाला नक्की कळेल. हे काम तुम्ही दर दिवाळीला करता.

चकलीचा सोऱ्या रोज ओट्यावर नसतो. ठेवला तर पोळपाटाला जागा उरायची नाही. तो माळ्यावर असतो, लागेल तेव्हाच खाली येतो. त्यातही शेवेची चकती वेगळी, चकलीची वेगळी. जे करायचे तीच चकती घालायची. मॉड्यूल म्हणजे अशी चकती. ती एक स्वतंत्र फाइल असते, तिच्यात एका कामाच्या सूचना लिहिलेल्या असतात. कार्यक्रम सुरू होतानाच सगळ्या फाइली मांडून न बसता, चालता चालता गरज पडेल तेव्हा हवी ती फाइल आत घेणे, याला म्हणायचे रनटाइमला लोड करणे.

तुमचा मुलगा बहुधा पायथॉन शिकत असेल. ही भाषा हॉलंडच्या गिदो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये लोकांपुढे आणली. तिचा कार्यक्रम चालवायला इंटरप्रीटर लागतो, आपल्या भाषेत दुभाषी. आपल्याकडे घरोघरी दुभाषी आहेत, तेव्हा हे वेगळे सांगायला नको.

पायथॉनमध्ये फाइल आत घेण्याच्या आज्ञेला 'इम्पोर्ट' म्हणतात. ती फाइलच्या माथ्यावर लिहायची पद्धत आहे, पण सक्ती नाही. ती एखाद्या कामाच्या पोटातही लिहिता येते. मग ते काम करायची वेळ येईपर्यंत दुभाषी त्या फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही. वेळ आली की तो आधी आपल्या यादीत बघतो, ही फाइल पूर्वी आणली आहे का? असेल तर तीच वापरतो. नसेल तर ठरलेल्या फोल्डरांत क्रमाने शोधतो, सापडली की तिच्यातल्या सूचना एकदा पूर्ण चालवतो. म्हणजे माळ्यावर चढणे एकदाच. खाली आलेला सोऱ्या संध्याकाळपर्यंत खालीच राहतो.

याचा फायदा खरा आहे. दुकानाच्या हिशेबाच्या कार्यक्रमात वर्षाचे आलेख काढायची सोय असेल, तर त्यासाठी मोठी ग्रंथालये लागतात. ती रोज सकाळी आत घ्यायची, तर जुन्या संगणकावर मालक उदबत्ती लावून परत आले तरी पडदा कोराच दिसेल. आलेख पाहायचे पाडव्याला. मग तेव्हाच ती आणावीत. आणायच्या फाइलीचे नावही आधी ठरलेले नसले तरी चालते. 'इम्पोर्टलिब' नावाची सोय वापरून ते ऐनवेळी देता येते.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची.

माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने काकांच्या कापड दुकानासाठी बिलाचा कार्यक्रम लिहिला. बिल मराठीत हवे की कन्नडमध्ये, हे गिऱ्हाइकाने सांगायचे. दोन्ही भाषांचे मथळे दोन फाइलींत ठेवले होते आणि निवड झाली की तेवढीच फाइल आत यायची. रचना चांगली होती. पुढे त्याने मथळे सुधारले. दोन्ही फाइली बदलल्या, पण चालवून पाहिली फक्त मराठी. कन्नड फाइलीत एका ओळीचे शेवटचे अवतरणचिन्ह राहून गेले. दुकानात येणारे बहुतेक नेहमीचे, मराठीत बिल घेणारे. दोन महिने सगळे सुरळीत चालले.

मग एका संध्याकाळी बैलहोंगलकडचे कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आले. तीन तास बसले, शालू झाले, मानपानाच्या साड्या झाल्या. शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, "कन्नडदाग बिल कोड्री." काकांनी कळ दाबली आणि कार्यक्रम बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. "स्वल्प तडीरि" म्हणत काकांनी घाम पुसला आणि अखेर कागदावर हाताने मराठीत बिल लिहिले. पाहुण्यांनी पैसे चोख दिले, पण जाताना एवढेच विचारले, "आमच्या भाषेचं बिल मिळतं अशी पाटी कशाला लावलीय मग?" काकांना ते फार लागले. त्यांची स्वतःची आई कन्नड.

चूक एका चिन्हाची होती. मुख्य फाइलीत असती तर त्याच दिवशी सकाळी कार्यक्रम सुरूच झाला नसता आणि पाच मिनिटांत दुरुस्ती झाली असती. पण फाइल आत येईपर्यंत दुभाषी ती वाचतच नाही, म्हणून चूक दोन महिने झाकून राहिली. लागेल तेव्हा लोड केल्याने वेळ वाचतो, पण चूक कळण्याची वेळही तितकीच पुढे जाते, आणि बहुतेकदा ती गिऱ्हाईक समोर उभे असतानाच येते. जे कमी लागते ते कमी तपासले जाते. घरात दोन भाषा असलेल्यांना हे वेगळे समजवायला नको. जी भाषा फक्त आजोळी गेल्यावर निघते, ती तिथेच अडखळते.

म्हणून ही पद्धत टाकून द्यायची का? मुळीच नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी आपण सोऱ्या काढून धुतो, चकत्या मोजतो, तेवढे करायचे. मुलाला चार गोष्टी सांगा.

पहिली, जितकी मॉड्यूल ऐनवेळी आत येणार, ती सगळी एकदा आत घेऊन बघणारी एक छोटी वेगळी फाइल लिही. कार्यक्रमात बदल केलास की दुकानात देण्याआधी ती चालव. वर सांगितलेली चूक तिने क्षणात पकडली असती.

दुसरी, गिऱ्हाइकाने टंकलेले नाव तसेच्या तसे 'इम्पोर्टलिब'ला देऊ नकोस. फाइल आत घेणे म्हणजे तिच्यातल्या सूचना चालवणे. कोणीही काहीही नाव द्यावे आणि ती फाइल चालावी, हे दार सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. मराठी आणि कन्नड अशा दोनच नावांची यादी कर; यादीत नसेल ते बाहेरच राहील.

तिसरी, स्वतःच्या फाइलीला 'रँडम' किंवा पायथॉनमध्ये आधीच असलेले दुसरे नाव देऊ नकोस. दुभाषी साधारणपणे तुझ्या कार्यक्रमाच्या फोल्डरात आधी शोधतो. त्याला तुझी फाइल सापडते आणि खरी मागे राहते. नवशिके यात हमखास तासभर घालवतात.

चौथी, आधी मोज. कोणती फाइल आत यायला किती वेळ घेते, हे दाखवायची सोय पायथॉनच्या 3.7 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून आहे. जिथे खरोखर वेळ जातो तेवढेच माळ्यावर ठेव. बाकीचे इम्पोर्ट माथ्यावरच असू देत, म्हणजे चूक सकाळीच कळेल.

हा वाद मोठ्या जाणकारांतही झाला आहे. सगळीच मॉड्यूल आपोआप गरजेपुरती आत यावीत, अशा एका प्रस्तावाला पायथॉनच्या सुकाणू मंडळाने 2022 मध्ये नकार दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांनी दुसरा प्रस्ताव मान्य केला. त्यात कोणते मॉड्यूल उशिरा आणायचे हे लिहिणाऱ्याने 'लेझी' असा शब्द घालून स्वतः सांगायचे असते. चूक निघाली तर ती आज्ञा कुठे लिहिली होती आणि वापर कुठे झाला, दोन्ही जागा दिसतात. उशीर करायचा तर तो जाणूनबुजून आणि दिसेल असा, हे मला पटते.

त्या विद्यार्थ्याने कन्नड फाइल दुरुस्त केली. आता काका दुकान उघडले की पहिले काम म्हणून दोन्ही भाषांत एकेक कोरे बिल छापून बघतात. कागद दोन जातात. ताई, मुलगा पुन्हा रनटाइमबद्दल बोलू लागला, तर त्याला विचारा, "सगळ्या चकत्या एकदा घालून बघितल्यास का रे?" बघा काय उत्तर देतो, आणि मला कळवा.