गीझर ऑन, खिसा गॉन!

डिसेंबरचं वीजबिल आलं आणि पुण्याची थंडी विसरलो. ऑक्टोबरला ९० युनिटं, आता थेट १६०! घरात ना हीटर, ना एसी. म्हणजे भानगड गीझरची. संशय अर्थातच रूममेटवर, कारण साहेब अर्धा अर्धा तास शॉवरखाली गातात. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर बाथरूमबाहेरचा लाल दिवा सुरू! आणि सकाळी शेवटची आंघोळ कुणाची? अस्मादिकांची.

मग बसलो हिशेबाला. (इंजिनिअरिंग कुठेतरी कामी यायलाच हवं ना!) २००० वॉटचा गीझर १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर साधारण २० मिनिटांत नेतो. म्हणजे पाऊण युनिटही नाही. पण बटण चालूच राहिलं, तर टाकी निवते, थर्मोस्टॅट पुन्हा तापवतो, आणि हा खेळ दिवसभर. गीझरवरचे स्टार असतात ते याच गळतीचे! त्यात १०० युनिटांच्या पुढे महावितरणचा दर उडी मारतो, ती मेख वेगळीच.

आता थर्मोस्टॅट ५० वर, बटण आंघोळीआधी वीस मिनिटं, दोघांच्या आंघोळी लागोपाठ आणि शॉवरऐवजी बादली. गाणं बादलीवरही होतं, दुर्दैवाने. जानेवारीला ११५ युनिटं आली. वरची १५ अजून खटकतात, पण अबोला मिटलाय. रविवारी मिसळ खायला गेलो. बिल कुणी भरलं, विचारू नका!