विश्लेषण : रंगरंगोटीआधी कागद, भिलाईच्या पावर हाउसमध्ये चैत्रातील घरविक्रीची खरी कसोटी

भिलाई (छत्तीसगड) : गुढीपाडवा ते अक्षय तृतीया हा काळ घरांच्या खरेदी-विक्रीसाठी अनुकूल मानला जातो. भिलाईतील पावर हाउस परिसरातही या दिवसांत विक्रीस काढलेल्या घरांची डागडुजी सुरू होते. भिंतींना नवा रंग चढतो, गच्चीवरील भेगा बुजविल्या जातात, लोखंडी फाटकांचा गंज खरवडला जातो. मात्र या वसाहतीत घराची किंमत आणि व्यवहाराचे भवितव्य रंगावर ठरत नाही. विकणाऱ्याच्या हाती नेमका कोणता हक्क आहे, या प्रश्नाचे उत्तर कागदांत असते. ती तयारी अपुरी राहिली, तर आयुष्याची बचत ज्या घरात गुंतली आहे तेच घर ऐनवेळी विकता येत नाही, किंवा विकल्यानंतर कराच्या आणि दाव्यांच्या रूपाने पाठलाग करते.

वस्तीचा इतिहास, हक्कांचे प्रकार

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी 1955 मध्ये करार झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. कारखान्याने अधिकारी आणि कामगारांसाठी आखीव ‘सेक्टर’ वसविले. हावडा-मुंबई लोहमार्गाच्या दुसऱ्या बाजूस बांधकाम मजुरांच्या छावण्यांतून कॅम्प-1 आणि कॅम्प-2 या वस्त्या वाढल्या. पावर हाउस रेल्वे स्थानक, जवाहर मार्केट आणि नंदिनी मार्ग यांच्या आधाराने येथे दाट बाजारपेठ उभी राहिली. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही या भागातील घराची परिचित रचना आहे.

भिलाईचा प्रदेश 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशाचा भाग होता. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे त्यामुळे येथे परकी ठरली नाहीत. त्यांची पहिली पिढी निवृत्त झाली आहे. मुले पुणे, नागपूर, हैदराबाद किंवा परदेशात स्थिरावल्यावर भिलाईतील घर विकून त्यांच्याजवळ जाण्याचा निर्णय अनेक घरांत घेतला जातो. विक्रीच्या तयारीचा प्रश्न या कुटुंबांना अधिक भिडतो, कारण एकदा शहर सोडल्यानंतर अपुऱ्या कागदांसाठी तहसील आणि महापालिकेत खेटे घालणे वृद्धांना झेपत नाही.

शहराच्या या घडणीमुळे शेजारशेजारच्या दोन घरांचा कायदेशीर दर्जाही एक नसतो. काही घरे पूर्ण मालकीच्या जमिनीवर आहेत. काही भूखंड पूर्वीच्या विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘साडा’ने, भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. कारखान्याच्या वसाहतीतील काही निवासस्थाने कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर आहेत. काही वस्त्यांत शासनाने दिलेले पट्टे आहेत. नागरी भागातील भूमिहीनांना असे पट्टे देण्याची तरतूद अविभाजित मध्य प्रदेशात 1984 च्या कायद्याने झाली. काही ठिकाणी तर केवळ वर्षानुवर्षांचा ताबा आणि वीजबिल एवढाच आधार असतो.

या प्रत्येक प्रकारात विकता येणारी वस्तू वेगळी आहे. मालकी असेल तर विक्रीखत होते. भाडेपट्टा असेल तर उरलेल्या मुदतीचा हक्क, तोही पट्टा देणाऱ्या संस्थेच्या अटींनुसार आणि परवानगीने हस्तांतरित होतो. शासकीय पट्ट्यांच्या हस्तांतरावर बंधने असतात. ताब्याच्या आधारे तर मालकी देताच येत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार अनिवार्य आहे. कारखान्याच्या घरांच्या भाडेपट्टा नोंदणीचा विषय भिलाईच्या राजकारणात वर्षानुवर्षे गाजला, त्याचे मूळ या तरतुदीत आहे.

मुखत्यारपत्राचा जुना मार्ग बंद

अशा मिश्र हक्कांच्या वस्त्यांत कुलमुखत्यारपत्र, विक्री करार आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांवर घर ‘विकण्याची’ पद्धत देशभर रूढ होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प प्रकरणात अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा दिला. त्यापूर्वी असे घर घेऊन राहिलेल्या कुटुंबास आज ते विकायचे झाल्यास मूळ मालक किंवा त्याच्या वारसांना शोधून नोंदणीकृत दस्त करून घ्यावा लागतो. हे काम आठ-पंधरा दिवसांत होण्यासारखे नाही. अक्षय तृतीयेस व्यवहार करायचा असेल, तर त्याची सुरुवात दिवाळीनंतर लगेच व्हावयास हवी.

वारसाहक्काचेही तसेच आहे. घर ज्यांच्या नावे होते ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. विवाहित मुलीची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून लांबविलेला व्यवहार पुढे न्यायालयात जाण्याची शक्यता अधिक असते. छत्तीसगड सरकारने 2025 मध्ये कुटुंबांतर्गत दानपत्र, वाटणी आणि हक्कसोड यांच्या दस्तांचे नोंदणी शुल्क केवळ 500 रुपये केले. एकाच्या नावे हक्क एकवटून मग घर विकू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी ही सवलत महत्त्वाची आहे.

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील तफावत हा बाजारपेठेच्या भागातील आणखी एक अडसर ठरतो. वाढविलेला मजला किंवा पुढे काढलेले दुकान नकाशात नसेल, तर गृहकर्ज देणारी बँक मूल्यांकनाच्या वेळी त्यावर बोट ठेवते. अनधिकृत बांधकामाच्या नियमितीकरणासाठी राज्यात 2002 चा कायदा आहे. नियमितीकरण शक्य आहे काय आणि त्याचा खर्च किती, हे ग्राहक येण्यापूर्वी समजून घेतल्यास भाव ठरविताना विकणाऱ्याची बाजू भक्कम राहते.

ओल झाकणे महागात

रंगरंगोटीला अर्थ नाही, असे नाही. चैत्रात भिंती कोरड्या असतात आणि मागील पावसाळ्यातील ओलीचे डाग स्पष्ट दिसतात. दुरुस्तीस याहून योग्य काळ नाही. गच्चीचा उतार, पावसाळी नळ्यांचे जोड, न्हाणीघराची फरशी आणि पोलादनगरीच्या धुळीने भरलेली गटारे यांची कामे आधी करावी लागतात. पुट्टी आणि रंग त्यानंतर. हा क्रम उलटा केला, तर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतात आणि इसार घेतलेला व्यवहार वादात सापडतो.

यामागे कायद्याचाही धाक आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 विकणाऱ्यावर स्पष्ट जबाबदारी टाकते. मालमत्तेतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि सामान्य काळजी घेऊनही ग्राहकाच्या लक्षात येणार नाही, तो सांगणे बंधनकारक आहे. तो न सांगणे हे कायद्याच्या दृष्टीने कपट ठरते. विक्रीच्या दिवसापर्यंतची सार्वजनिक देणीही, वेगळा करार नसल्यास, विकणाऱ्यानेच भागवावयाची असतात. 31 मार्चपूर्वी महापालिकेचा मालमत्ता कर भरून पावती हाती ठेवणे म्हणूनच हिताचे ठरते.

मार्गदर्शक दरांचा चढउतार

यंदाच्या हंगामावर सर्वाधिक प्रभाव जमिनीच्या मार्गदर्शक दरांचा आहे. छत्तीसगडमध्ये 2019 मध्ये या दरांत 30 टक्के कपात करण्यात आली होती. ती सवलत 31 मार्च 2024 रोजी संपली. नोव्हेंबर 2025 मध्ये नवे दर लागू झाले. अनेक भागांत ते इतके वाढले की दुर्गसह राज्यात विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये सरकारने काही निर्णयांत बदल केला.

मार्गदर्शक दर वाढला की मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च ग्राहकावर वाढतो, एवढेच सर्वसाधारणपणे बोलले जाते. विकणाऱ्यावरील परिणाम दुर्लक्षित राहतो. विक्रीची किंमत मार्गदर्शक मूल्यापेक्षा कमी असेल आणि ते मूल्य किमतीच्या 110 टक्क्यांहून अधिक भरत असेल, तर प्राप्तिकरासाठी मार्गदर्शक मूल्य हीच विक्रीची किंमत धरली जाते. उदाहरणार्थ, घर 50 लाख रुपयांस विकले आणि शासकीय मूल्य 60 लाख असेल, तर हाती न आलेल्या 10 लाखांवरही भांडवली नफ्याचा कर लागतो. त्याच फरकावर ग्राहकालाही उत्पन्न म्हणून कर भरावा लागू शकतो. बाजारभाव खरोखर कमी असल्यास मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी विकणाऱ्यास करता येते. भाव जाहीर करण्यापूर्वी आपल्या रस्त्याचा शासकीय दर पाहणे त्यामुळे अपरिहार्य झाले आहे.

जुन्या घरांच्या बाबतीत आणखी एक आकडा निर्णायक ठरतो. तो म्हणजे 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य. त्याआधी घेतलेल्या घराची किंमत या दिवसाच्या बाजारमूल्यानुसार धरता येते. मात्र त्या दिवसाचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असल्यास त्याहून अधिक धरता येत नाही. जुलै 2024 मधील बदलानंतर निवासी भारतीयांना 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी दोन पर्याय आहेत : महागाई निर्देशांकाविना 12.5 टक्के, किंवा निर्देशांकासह 20 टक्के.

2025-26 चा निर्देशांक 376 आहे. 60 लाखांस विकलेल्या घराचे 2001 चे मूल्य 6 लाख असेल, तर पहिल्या पर्यायात सुमारे 6.75 लाख आणि दुसऱ्यात सुमारे 7.49 लाख रुपये कर येतो. तेच मूल्य 10 लाख असेल, तर पहिल्या पर्यायात 6.25 लाख, तर दुसऱ्यात केवळ 4.48 लाख येतो. अधिभार आणि उपकर यांत धरलेले नाहीत. छत्तीसगड राज्य त्या दिवशी अवघ्या पाच महिन्यांचे होते. तेव्हाचे दर शोधून मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घेण्याचा खर्च या फरकापुढे किरकोळ आहे.

विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास नफ्यावरील करात सूट मिळते. घराचा मालक परदेशस्थ असेल, तर निर्देशांकाचा पर्याय मिळत नाही आणि ग्राहकाने करावयाच्या करकपातीचे नियमही वेगळे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून अमलात येणाऱ्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असल्याने जुन्या कलमांवर विसंबून कागद तयार करणे टाळावे लागेल.

मुहूर्त कोणाचा?

भिलाईच्या बाजारात पंचांगालाही वजन आहे. मराठी कुटुंबासाठी पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. उत्तर भारतीय परंपरेच्या अनेक कुटुंबांसाठी मात्र सूर्य मीन राशीत असतानाचा, सुमारे 14 मार्च ते 14 एप्रिल हा महिना ‘खरमास’ असतो आणि त्यात घरखरेदी टाळली जाते. पाडवा याच काळात येतो. परिणामी विकणाऱ्याचा शुभ दिवस अनेकदा ग्राहकाचा वर्ज्य दिवस असतो. छत्तीसगडमध्ये ‘अक्ती’ म्हणून साजरी होणारी अक्षय तृतीया दोघांनाही मान्य आहे.

हा महिनाभराचा अवकाश विकणाऱ्याच्या पथ्यावर पडू शकतो. पाडव्याला घर पाहण्यास खुले करावे, मधल्या काळात हक्काची साखळी, वारसांच्या सह्या, कराच्या पावत्या आणि नकाशा ग्राहकाच्या वकिलापुढे ठेवावेत आणि अक्तीला दस्त नोंदवावा, असा क्रम दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. नोंदणी 31 मार्चनंतर झाल्यास नफा पुढील आर्थिक वर्षात मोजला जातो आणि विवरणपत्रासाठी अधिक अवधी मिळतो.

पावर हाउसमधील घरांना मागणी मिळवून देण्यास स्थानक आणि बाजार यांची जवळीक पुरेशी आहे. मागणीचे रूपांतर नोंदणीकृत दस्तात होणे हे मात्र विकणाऱ्याच्या कपाटातील कागदांवर अवलंबून राहील. नव्या दरांमुळे ग्राहक अधिक सावध झाले असताना पूर्ण कागदपत्रे असलेले साधे घर लवकर विकले जाईल आणि हक्काचा प्रश्न अनुत्तरित असलेले चकचकीत घर पुढील चैत्रापर्यंत रखडेल, अशीच चिन्हे आहेत.