पत्रा सरळ, किंमत वाकडी

जुनी गाडी बघायला जाणारा जाणता माणूस खिशात छोटं चुंबक ठेवतो. ते फडक्यात गुंडाळून दारावरून, मडगार्डवरून फिरवतो. चिकटून राहिलं तर ठीक. मध्येच सुटून हातात आलं, तर तिथं रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असं समजायचं. मग तो दाराच्या चौकटीची रबरी पट्टी उचलून वेल्डिंगचे ठिपके बघतो, बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधतो, काचांच्या कोपऱ्यातले वर्षाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतो. एखादी काच वेगळ्या सालची निघाली की विकणाऱ्याकडे बघून नुसतं हसतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी ठोकलेली दिसतेय." तेवढ्यावर भाव उतरतो.

गाडी चालायला छान असते. कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये काम झालेलं असतं, भागही अस्सल असतात. तरी शेजारी तसंच मॉडेल, तोच रंग, तेवढंच रनिंग असलेली आणि कधीच न धडकलेली गाडी उभी असेल, तर गिऱ्हाईक तिच्याकडेच जाणार. त्यात त्याचं काही चुकतही नाही. आतली चासी खरंच सरळ झाली आहे का, एअरबॅग नवी बसवली की नुसतं झाकण लावलं, हे त्याला बाहेरून कळायला मार्ग नसतो. या संशयाची किंमत तो भावातून कापून घेतो.

प्रश्न असा, की ही कापलेली रक्कम कोणी सोसायची? मागून येऊन ज्यानं धडक दिली त्यानं, त्याच्या विमा कंपनीनं, की सिग्नलला निमूट उभ्या असलेल्या गाडीच्या मालकानं? भारतात आज याचं उत्तर 'मालकानं' असं आहे, आणि ते कोणी विचारपूर्वक ठरवलंय असंही नाही. कोणी विचारलंच नाही, म्हणून ते तसं राहिलंय.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हे विचारलं गेलं. कोलंबस शहर ज्या मस्कोगी परगण्यात आहे, तिथल्या न्यायालयात 'स्टेट फार्म' या बलाढ्य विमा कंपनीवर तिच्याच ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. 'मेब्री खटला' म्हणून तो ओळखला जातो. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. गाडी आम्ही दुरुस्त करून दिली, विषय संपला. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या नोव्हेंबरात ते फेटाळलं. नुकसान मोजायचं ते गाडीच्या अवस्थेवरून नव्हे, तर तिच्या किमतीवरून, असं न्यायालयानं म्हटलं. दुरुस्तीनंतरही किंमत कमी राहत असेल तर तो फरक कंपनीनं द्यायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्राहकानं मागितलं नाही तरी ही घट तपासणं कंपनीचं कर्तव्य ठरवलं गेलं. आपल्याकडे क्लेमचा कागद हलवायला किती फोन करावे लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं हे वाक्य दोनदा वाचावं.

न्यायालयानं तत्त्व सांगितलं, पण त्याची रक्कम करताना कंपन्यांनी हात आखडला. त्या खटल्यातूनच '१७-सी' नावाचं एक गणित बाहेर आलं, परिच्छेद सतरा, उपभाग 'सी'. गाडीची अपघाताआधीची किंमत घ्यायची आणि तिचा दहावा हिस्सा ही कमाल मर्यादा धरायची. मग नुकसान किती गंभीर यानुसार शून्य ते एकच्या दरम्यानच्या आकड्यानं गुणायचं, आणि गाडी किती मैल चालली यानुसार पुन्हा एकदा. गाडी तीस हजार डॉलरची असेल तर मर्यादा तीन हजार. नुकसान मोठं असलं तर त्याचे पाऊण म्हणजे २,२५० आणि गाडी पंचवीस हजार मैल चाललेली असेल तर त्याचे आठ दशांश, म्हणजे हातात १,८०० डॉलर. लाख मैल पार केलेल्या गाडीला शून्य. यातली मेख चाणाक्ष माणसाच्या लगेच लक्षात येते. मूळ किंमत ठरवतानाच गाडी किती चालली हे धरलेलं असतं, मग तेच दुसऱ्यांदा वजा का करायचं? आणि दहा टक्क्यांचीच मर्यादा कुठल्या बाजारभावावरून आली? जॉर्जियाच्या विमा आयुक्त कार्यालयालाही २००८ मध्ये कंपन्यांना कळवावं लागलं, की आमचा कुठल्याही ठरावीक सूत्राला पाठिंबा नाही. सूत्र मात्र चालूच राहिलं. अटलांटा आणि आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणाला अपघातानंतर असा छोटा चेक आला असेल, तर तो बहुधा याच गुणाकारातून निघालेला असतो. तो घासाघीस करून वाढवता येतो, हे मात्र चेकबरोबर कोणी सांगत नाही.

सगळ्या अमेरिकेत हेच चालतं असंही नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये जवळपास तशाच पॉलिसीचा उलट अर्थ लावला. करार दुरुस्ती किंवा बदली करून देण्याचा आहे, तेव्हा पूर्ण दुरुस्ती झाली की स्वतःच्या कंपनीकडून आणखी काही मागता येणार नाही. चूक करणाऱ्या समोरच्या चालकाकडून मागायची वाट तिथंही खुली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडची चर्चा नेमकी इथंच घसरते. आपल्या कंपनीशी आपला करार असतो; त्यात लिहिलेलं नाही ते ती देणार नाही. धडक देणाऱ्याशी आपला कसलाच करार नसतो. त्यानं नुकसान केलं, ते भरून देणं त्याच्यावर आहे, आणि नुकसान म्हणजे केवळ गॅरेजचं बिल नव्हे.

जर्मनीत यावर आता वादही होत नाही. तिथं या घटीला स्वतंत्र नाव आहे, 'मर्कान्टिलर मिंडरवेर्ट', म्हणजे बाजारी मूल्यघट. दुरुस्ती निर्दोष झाली तरी लोकांच्या मनात छुप्या दोषाचा संशय राहतो आणि त्यानं भाव पडतो, एवढंच तिथलं न्यायालय बघतं. मालकानं गाडी विकली नसली तरी चालतं. १९६२ मध्ये रूकोफ आणि झाम या दोघांनी ही घट मोजायचं कोष्टक मांडलं आणि त्यानंतर अशा पद्धतींची रांगच लागली. अपघातानंतर तज्ज्ञ गाडी बघायला येतो तेव्हा दुरुस्तीच्या अंदाजाबरोबर या घटीचाही आकडा अहवालात लिहितो. २०२४ च्या जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या विषयावर पुन्हा निकाल दिला, आणि वाद कशाचा होता? तर ही घट विक्रीकरासह किमतीवर मोजायची की करविरहित किमतीवर. (करविरहित, असं ठरलं.) आपण अजून दाराबाहेर उभे आहोत आणि ते आत बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब करताहेत.

आता आपल्या घरातला कागद काढू. बहुतेक मोटार पॉलिसींमध्ये 'ओन डॅमेज' भागाच्या अपवादांत पहिल्याच ओळीत परिणामस्वरूप होणारं नुकसान, घसारा आणि झीज वगळलेली असते. म्हणजे अपघातानं पडलेला भाव स्वतःच्या कंपनीकडून मिळणार नाही, हे स्पष्ट. पण याच कागदात घसारा दुसऱ्या वाटेनं किती ऐटीत येतो ते पाहण्यासारखं आहे. प्रचलित कोष्टकानुसार दोन ते तीन वर्षं वयाच्या गाडीची विमा रक्कम ठरवताना नव्या किमतीतून ३० टक्के वजा होतात. त्याच गाडीला अपघात झाला तर प्लास्टिकचा बंपर बदलताना निम्मी किंमत मालकाची, धातूच्या भागांना १५ टक्के मालकाचे. कंपनीचे पैसे वाचतात तिथं घसारा दशांशापर्यंत मोजला जातो. मालकाचा भाव पडतो तिथं तो 'परिणामस्वरूप' होऊन बसतो. 'झिरो डेप' घेतलं तर भागांवरची ही कपात टळते, पडलेला भाव परत येत नाही. 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडीत निघाली तरच कामाचं.

राहिला समोरचा चालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ खालच्या दावा न्यायाधिकरणांबद्दल सर्वसाधारण समज असा, की ती मृत्यू आणि दुखापतीसाठीच आहेत. कलमात त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही स्पष्ट उल्लेख आहे. शब्द 'नुकसान' आहे, 'दुरुस्तीचा खर्च' नाही. खासगी कारच्या सर्वसाधारण पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, थोडा हप्ता वाचवायला ते सहा हजारांवर आणून ठेवलेलं नसेल तर. म्हणजे कायदाही आहे आणि विम्याची तरतूदही आहे. मग दावे का दिसत नाहीत?

कारण ते वाटेतच विरघळतात. दोन विमाधारक गाड्या धडकल्या की जो तो आपापल्या कंपनीकडे जातो. विमा कंपन्यांची आपसात 'नॉक फॉर नॉक' नावाची समजूत आहे. तू तुझ्या गाडीचं दे, मी माझ्या गाडीचं देतो, चूक कोणाची ते उकरायचं नाही. कंपन्यांच्या दृष्टीनं ही सोय शहाणपणाची आहे. सर्व्हेअर आणि वकील यांचा खर्च वाचतो, ग्राहकाची गाडी लवकर सुटते. पण चूक कोणाची हा प्रश्नच मिटल्यावर निर्दोष मालकाचं जे जे पॉलिसीबाहेर राहतं ते त्याच्याच अंगावर पडतं: भागांवरचा घसारा, पुढच्या वर्षी गेलेला 'नो क्लेम बोनस', आणि पडलेला भाव. पाच वर्षं एकही क्लेम न करून कमावलेली ५० टक्क्यांची सवलत दुसऱ्याच्या चुकीनं एका दिवसात जाते. याची चिडचिड सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते, न्यायाधिकरणात पोचत नाही.

आणि मालक मग काय करतो? जे जगात कुठलाही माणूस करेल तेच. गप्प बसतो. गाडी विकताना अपघाताचा विषय काढत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरले की गाडी दुसऱ्याच्या नावावर होते. आरसीवर मागच्या धडकेचा मागमूस नसतो. १८७२ च्या करार कायद्यात मुद्दाम लपवणं ही फसवणूक आहे, पण केवळ मौन ही सहसा फसवणूक धरली जात नाही. ही फट केवढी रुंद आहे हे जुन्या गाड्यांच्या बाजारात एक दुपार काढली तरी कळतं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम काढले, ते चांगलेच आहेत. पण त्यांचा भर गाडी कोणाच्या ताब्यात आहे, नोंद कोणाच्या नावावर आहे यावर आहे.

इथं या प्रश्नाचं खरं टोक आहे. कायद्यानं दखल घेतली नाही म्हणून तोटा नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. पहिल्या मालकाला भरपाई मिळत नाही, म्हणून तो लपवतो. दुसरा मालक पूर्ण भाव देऊन बसतो आणि कळलं की तिसऱ्यापासून लपवतो. शेवटी भुर्दंड पडतो तो सगळ्यात अनोळखी गिऱ्हाइकाला, ज्याच्या खिशात चुंबक नव्हतं. उलट पहिल्या अपघातालाच घट मोजून पैसे दिले, तर त्याचा कागद होतो, आणि कागद झाला की मालकाला लपवायचं कारण उरत नाही. आज अपघात जाहीर करणारा मालक पन्नास हजारांनी मार खातो आणि दडवणारा सुटतो. अशा व्यवस्थेत प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणं जरा जास्तच झालं.

याला आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. हप्ते वाढतील हा पहिला. वाढतील थोडे, पण चूक करणाऱ्याच्या बाजूनं वाढणं हेच योग्य. गाडी विकलीच नाही तर तोटा कुठला, हा दुसरा. घराची भिंत कोणी पाडली तर घर विकेपर्यंत कोणी भरपाई अडवत नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बारा वर्षांच्या, दोन लाख किलोमीटर चाललेल्या हॅचबॅकला आरसा तुटल्याबद्दल मूल्यघट मागणारेही निघतील, आणि आपली न्यायाधिकरणं तशीच तुंबलेली आहेत. म्हणून मर्यादा हवी: गाडी तुलनेनं नवी, नुकसान चासी, पिलर किंवा एअरबॅगपर्यंत पोचलेलं. बंपरच्या ओरखड्याला घट नाही. कोष्टक हवं, पण '१७-सी'सारखं कंपनीच्या टेबलावर शिजलेलं नको. विमा नियामकानं जुन्या गाड्यांचे प्रत्यक्ष व्यवहार बघून ते करावं. आज कंपनीचा सर्व्हेअर अहवालात मजुरी, भाग, घसारा आणि भंगाराची किंमत लिहितोच. तिथं एक रकाना वाढवायला नवा कायदा लागत नाही.

तोवर ज्याला दावा लावून बघायचाय, त्यानं तारखेकडे लक्ष ठेवावं. २०१९ च्या दुरुस्तीनं न्यायाधिकरणाकडे अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय. जॉर्जियात अशा नुकसानीच्या दाव्याला चार वर्षं मिळतात. पोलिसांकडची नोंद, दुरुस्तीआधीचे फोटो, वर्कशॉपचं भागवार बिल, आणि त्याच मॉडेलच्या अपघात झालेल्या व न झालेल्या गाडीला दोन-तीन डीलरांनी लेटरहेडवर लिहून दिलेला भाव, एवढे कागद सहा महिन्यांत जमवता येतात. त्यातला शेवटचा मिळवणं सगळ्यात अवघड. तोंडी भाव तोडणारा डीलर तोच आकडा सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला तयार होत नाही.